फौजदारावर पाळत

माझा स्वभाव मुळात संशयी नव्हता असं मी सांगत असते आणि माझी बहीण ते ऐकून हसते. ती म्हणते, तू लहानपणी प्रसादाचा पेढासुद्धा फोडून आत काय आहे ते बघायचीस. असेल. पण पेढा फोडून बघणं वेगळं आणि नवऱ्याचा सदरा नाकाला लावून बघणं वेगळं. ते दुसरं मला भिवंडीने शिकवलं आणि ह्यांच्या नोकरीने शिकवलं.

हे फौजदार होते. सत्तरनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. गावात दंगल होऊन गेली होती आणि त्यानंतर आमची बदली तिथे झाली. माणसं पुन्हा कामाला लागली होती, लूम दिवसरात्र खडखडत होते, पण खाकी दिसली की बोलणारा दोन शब्द गिळायचा. ते मला बाजारातसुद्धा कळायचं. भाजीवाली बाकीच्या बायकांशी पैशा-पैशावरून भांडायची आणि माझ्या पिशवीत न मागता कोथिंबिरीची जास्तीची जुडी टाकायची. मला त्या जुडीचा फार राग यायचा. मी ती परत काढून ठेवायचे, मग ती घाबरून दोन जुड्या टाकायची.

घरात नियम ठरलेले होते. दाराशी आलेली वस्तू आत घ्यायची नाही. कोण आलं, किती वाजता आलं, हातात काय होतं ते लक्षात ठेवायचं. ईदेला कुणी शीरखुर्मा पाठवला किंवा दिवाळीला कुणी मिठाई, तर हात जोडून परत. एकदा दारात एक तांबडा भोपळा सापडला. ठेवणारा दिसला नाही. हे दोन दिवस बंदोबस्ताला बाहेर होते, म्हणून मी तो मुद्देमालासारखा पडवीच्या कोपऱ्यात ठेवला आणि मुलीला त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही. हे आल्यावर कळलं की तो त्यांनीच पैसे देऊन शिपायाकडून आणवला होता. तोवर भोपळ्याला खालून पाणी सुटलं होतं. हे म्हणाले, तुला खात्यात घ्यायला पाहिजे. मला ते कौतुक वाटलं.

अशा घरात बाईला दुसरी करमणूक काय असणार? मी ह्यांच्या युनिफॉर्मवरून ते कुठे जाऊन आले ते ओळखायला लागले. नारपोलीत लूमच्या गाळ्यांमध्ये चौकशीला गेले असतील तर खांद्यावर, टोपीच्या शिवणीत, भुवयांवरसुद्धा कापसाचं तूस बसलेलं असायचं. काल्हेरच्या बाजूला खाडीकडे गेले असतील तर बुटांना राखाडी चिखल. कोर्टात दिवस गेला असेल तर पँटची मागची इस्त्री मोडलेली. मी कपडे झटकताना सांगायचे, आज नारपोली ना? आणि हे खूश होऊन मान हलवायचे. दोन वर्षं हा आमचा खेळ चालला.

मग एका गुरुवारी मी म्हटलं, आज कुठे होतात? ते म्हणाले, नारपोलीला. आणि सदऱ्यावर एक तंतू नव्हता.

पुढच्या गुरुवारी पुन्हा नारपोली आणि पुन्हा सदरा स्वच्छ. त्यात पितळी बटणं मळकट तपकिरी झालेली, जी मी आदल्याच दिवशी घासून सोन्यासारखी केली होती. एकदा संशय आला की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. मला गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकामागून एक आठवायला लागल्या. हे पडवीत खाट टाकून झोपायला लागले होते, कारण काय, तर ड्युटीवरून यायला उशीर होतो, तुमची झोपमोड नको. स्वतःचा साबण वेगळा, लाल, उग्र वासाचा. टॉवेल वेगळा. आणि ज्या माणसाने लग्न झाल्यापासून पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो सकाळी उठून स्वतःचा गंजिफ्रॉक धुवायला लागला होता. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची. बाप घरात आला की हात वर करून धावायची. हे तिला उचलायचे नाहीत. अंगाला घाम आहे, म्हणायचे. आणि मला, स्पष्टच लिहिते, ह्यांनी कितीतरी दिवसांत हात लावला नव्हता.

बाईमाणसाने यातून काय समजायचं? मी तेच समजले.

कोण, हा पुढचा प्रश्न होता. शिवणयंत्र चोरीला गेलं म्हणून एक शाळामास्तरीण तक्रार घेऊन तीनचारदा ठाण्यात आली होती. हे जेवताना म्हणाले होते की बाई हुशार आहे, जबाब नीट देते. झालं. मी मनातल्या मनात तिचं ह्यांच्याशी लग्न लावून मोकळी झाले. ती बाजारात दिसली आणि ओळखीचं हसली, तर मी कांद्याच्या ढिगाकडे तोंड फिरवलं. बिचारीचं यंत्र शेवटपर्यंत सापडलं नाही आणि वर माझा तो चेहरा.

पुरावा मिळाला तो असा. पोलीस लाइनीतल्या आम्ही सहा बायका एकदा एसटीने वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर गरम पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसलो. घरी आल्यावर बघते तर माझी चांदीची जोडवी काळी ठिक्कर. हवालदारांची बायको म्हणाली, गंधकाचं पाणी आहे, चांदी काळी पडायचीच. ती जोडवी मी रांगोळीने घासून पांढरी केली आणि विसरून गेले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी हे फळीवरची ट्रंक काढायला स्टुलावर चढले. हात वर केल्यावर सदरा वर सरकला आणि मला कमरेचा करदोटा दिसला. चांदीचा, लग्नात माझ्या वडिलांनी घातलेला. माझ्या जोडव्यांसारखाच काळा. ह्यांनी झटकन सदरा खाली ओढला. त्या ओढण्याने माझी उरलीसुरली शंकाही फिटली.

म्हणजे वज्रेश्वरी. दर गुरुवारी. कपडे उतरवून. मी त्या दिवशी भाकऱ्या थापताना एक भाकरी इतक्या जोराने आपटली की परातीला पोचा आला.

मी रडून विचारू शकत होते. दुसऱ्या कुणाची बायको असते तर विचारलंही असतं. पण मी फौजदाराची बायको होते. ह्यांनीच शंभर वेळा सांगितलं होतं की पुरावा हातात नसताना आरोपीला विचारायचं नाही, तो सावध होतो. म्हणून मी ह्यांच्यावर पाळत ठेवायचं ठरवलं.

ह्यांच्या हाताखाली एक वयस्कर शिपाई होते. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलेलं. घरी फाइल आणून देणं, निरोप सांगणं ही त्यांची कामं. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचं गाव वज्रेश्वरीच्या वाटेवर होतं, त्यामुळे ते त्या एसटीत दिसले तर कुणाला नवल वाटलं नसतं. हा विचार मी केला होता आणि केल्याचा मला अभिमानही होता. मी त्यांना सांगितलं, गुरुवारी रजा टाका, साहेबांच्या मागे जा आणि सोबत कोण आहे ते बघून या. काका पायरीवर बसले होते, ते उभेच राहिले. म्हणाले, सायबांच्या मागं मी कसा जाऊ, माझी भाकर हाय तिथं. मी आवाज चढवला. तो आवाज मी ह्यांच्याकडूनच उचलला होता. काका गेले.

शुक्रवारी दुपारी, हे ठाण्यात असताना, काका आले. आत आले नाहीत. पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "बाईसाब, संगट कोन न्हाय. सायेब एकलंच व्हतं. त्या लांबच्या कुंडावर, जिथं लोक कमी जातान, तिथं बसलं व्हतं. पाठीवर डाग हाय त्यांच्या. ह्येवढा."

त्यांनी तळहात दाखवला. मी तो बघितलासुद्धा नाही. कोणी नाही, एवढंच माझ्या कानात शिरलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी काकांना चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली. ते गेल्यावर साजूक तुपातला शिरा केला. मुलीला कडेवर घेऊन घरभर नाचले. ह्यांनी विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, सहज. पाठीवरचा डाग म्हणजे नायटा-बियटा असेल, पोलिसाच्या कातडी पट्ट्याखाली होतोच. लाजतात म्हणून लपवतात, असं मी स्वतःला समजावलं आणि तीन दिवस सुखात काढले.

चौथ्या दिवशी नळावर गेले. आमच्या क्वार्टरला खोल्या दोन होत्या, पण नळ सगळ्या लाइनीला मिळून एकच. मी कळशी घेऊन आले तशा बायका बोलायच्या थांबल्या. एकीने आपली बादली उचलून मागे नेली. मला वाटलं, साहेबांची बायको म्हणून मान देतात. मी कळशी भरली, उचलली, चार पावलं गेले आणि मागे पाण्याचा सपकारा ऐकला. वळून बघितलं. हवालदारांची बायको, जिच्यासोबत मी कुंडात पाय सोडून बसले होते, ती नळाची तोटी राख लावून धूत होती.

तेव्हा मला काकांचा तळहात दिसला. तेव्हा साबण, टॉवेल, पडवीतली खाट, गंजिफ्रॉक आणि न उचललेली मुलगी, सगळं पुन्हा एकदा समोरून गेलं आणि त्याचा अर्थ पार बदलला. त्या काळात त्या रोगाचं नावही कुणी मोठ्याने घेत नसे. महारोग म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर हात धुवायचे. आणि लाज वाटते, पण लिहिते, घरी येऊन मी पहिल्यांदा मुलीचं झबलं काढून तिची पाठ बघितली. ह्यांचा विचार त्यानंतर आला.

दोनच दिवसांत वरिष्ठांनी ह्यांना बोलावून घेतलं. ठाणे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्याने पाठीला स्पर्श केला, हात लावला की सांगा, म्हणाले. डागाच्या जागी ह्यांना काहीच कळलं नाही. रोग तोच होता. पण अगदी सुरुवातीचा, दुसऱ्याला न होणाऱ्यातला. काही वर्षं गोळ्या घ्या, बरे व्हाल, नोकरीही करता येईल, असं त्यांनी लिहून दिलं. हे सगळं ह्यांनी मला पडवीत उभं राहून सांगितलं. मी उंबऱ्याच्या आत आणि ते बाहेर. सात महिने ते हा रोग एकटे वागवत होते. कुणीतरी सांगितलं होतं की गंधकाच्या पाण्याने डाग जातो, म्हणून ड्युटीतून वेळ चोरून जात होते. लपवलं का, तर खात्यातून काढतील, क्वार्टर जाईल, मुलीच्या लग्नात हे निघेल. मला का सांगितलं नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नोकरी राहिली, पण ह्यांना बाहेरच्या कामावरून काढून आत रेकॉर्डवर बसवलं. कारण डॉक्टरांचा कागद वरच्या साहेबांनी वाचला, शिपायांनी नाही. कुणी ह्यांच्यासोबत जीपमध्ये बसेना. ज्या माणसाचा पाय ठाण्यात टिकत नसे तो दिवसभर धुळीच्या गठ्ठ्यांपुढे बसायला लागला. ह्यांचा पेला कँटीनवाल्याने वेगळा काढून ठेवला, तेही मला दुसऱ्याकडून कळलं.

हे कुठून फुटलं याचा शोध ह्यांनी एका दिवसात लावला. काकांनी कुंडावर ह्यांना बघितलं तसं ह्यांनीही काकांना बघितलं होतं. काकांनी चौकशीत सांगितलं की गावाला चाललो होतो, योगायोगाने दिसलात, घरी बायकोपाशी बोललो ती चूक झाली. ह्यांनी ते खरं धरलं. मला म्हणाले, म्हातारा तोंडाचा फाटका निघाला. याला आता शेवटचं वर्ष खाडीपलीकडच्या चौकीवर काढू दे, मी साहेबांना अर्ज लिहितोय. त्या चौकीवर जायला होडी लागायची आणि काकांना दम्याचा त्रास होता.

मी गप्प बसू शकत होते. आणि बसले. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी काका फाइल द्यायला आले. पायरीच्या खालूनच फाइल पुढे करत हळू म्हणाले, "बाईसाब, मी तुमचं नाव घेतलं न्हाय."

ते गेले. मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण बायकोजवळ बडबडले तेच होते. पण राग आला तो माझाच. संध्याकाळी हे आले, पडवीत बसून अर्ज लिहायला लागले, तेव्हा मी उंबरा ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन बसले. कितीतरी दिवसांनी इतकी जवळ. ते मागे सरकले.

मी म्हटलं, "काकांना मी पाठवलं होतं."

ह्यांनी पेन खाली ठेवलं. आरोपीशी बोलताना ह्यांचा आवाज अगदी मऊ व्हायचा, हे मला लोकांकडून माहीत होतं. त्या आवाजात मला म्हणाले, "कशासाठी?"

"तुमच्यासोबत कोण बाई असते ते बघायला."

हे हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, सुटले. मीही थोडं हसले. मग हे थांबले, डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई असती तर बरं झालं असतं गं. लाइनीने दोन दिवस मजा केली असती. नळाची तोटी कुणी धुतली नसती."

ते खरं होतं. त्यांनी अर्ज फाडला, चार तुकडे केले आणि मला म्हणाले, जेवायला वाढ, ताट इकडेच आण.

काका आपल्या जागीच राहून निवृत्त झाले. आम्हीही वर्षभरात बदली मागून भिवंडी सोडली. नव्या गावात ह्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या, डाग फिका होत गेला आणि शेवटी जवळ जाऊन शोधावा लागेल इतकाच उरला. त्यानंतर मुलीला ह्यांनी पहिल्यांदा उचललं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती आणि ती अंग चोरून माझ्याकडे बघत राहिली, कारण तिला सवयच उरली नव्हती. पण तेही जमलं. संसार झाला, चांगला झाला.

फक्त एक गोष्ट सुरू झाली ती बंद झाली नाही. अर्ज फाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे टोपी घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, ठाण्यात जातोय, रेकॉर्डवर, साडेसहाला परत, सोबत कोणी नाही. मी म्हटलं, मी विचारलं का? ते निघून गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. वरिष्ठांना हजेरी द्यावी तसं, न चुकता, न चिडता. पहिल्या महिन्यात मी रडले. नंतर भांडले, पाया पडते म्हटलं, पुरे करा. ते म्हणाले, तुला चौकशीचा त्रास नको. नंतरच्या सगळ्या गावांतल्या शेजारणी मला म्हणायच्या, तुमचे मिस्टर किती चांगले, कुठे जातात, कधी येतात, सगळं सांगून जातात, आमच्यांना तर जिभेला कुलूप. मी हो म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही चुकलं नाही. दूध आणायला जातोय, वीस मिनिटं. दाढी करून येतो, चौकातल्या न्हाव्याकडे, गर्दी असेल तर पाऊण तास. मीही दर वेळी म्हणायचे, मी विचारलं का? पस्तीस वर्षं.

त्यांच्या शेवटच्या आजारात ऑपरेशनला नेताना ढकलगाडी माझ्याजवळून गेली. ह्यांनी हात वर करून वॉर्डबॉयला थांबवलं. तोंडाला कोरड पडली होती, शब्द नीट फुटत नव्हते. मला म्हणाले, "आत नेतायत. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही."

मी या वेळी काही म्हटलं नाही. गाडी आत गेली आणि दार लागलं.